गोसाव्याच्या खडकाची वाट

६ ऑक्टोबर १९८५

ही डायरी १९८१ची आहे. गिरणीने दिलेली शेवटची. पुढच्या जानेवारीत संप झाला आणि डायऱ्या देणारे आतच राहिले, आम्ही बाहेर. पहिल्या पानावर गिरणीचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे, ते मी खोडलेलं नाही. वार जुळत नाहीत. पण कोरे कागद फुकट का घालवायचे?

आजपासून पुस्तक लिहायला घेतलं. नाव ठरलं आहे, 'दक्षिण कोकण : प्रवाशांचा सोबती'. विजयदुर्गापासून रेडीपर्यंत कुठे उतरायचं, काय पाहायचं, कुठे जेवायचं, पुढची गाडी किती वाजता. मालवणच्या किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. किल्ला पाहून झाल्यावर माणसाने भर दुपारी बसायचं कुठे, हे कोणी लिहीत नाही. ते मी लिहिणार.

सुगंधाला सांगितलं तेव्हा ती बांगडे साफ करत होती. म्हणाली, तीन वर्षं झाली, गणपतीलासुद्धा गावाला गेला नाहीत आणि जगाला वाट दाखवणार? मी म्हणालो, वाट डोक्यात असते, त्यासाठी पाय लागत नाहीत. त्यावर ती गप्प बसली. बायको भांडली तर उत्तर देता येतं, गप्प बसली की काय करायचं ते आजपर्यंत मला कळलेलं नाही.

१३ ऑक्टोबर

रविवार. सकाळी सहाला कुर्ल्याच्या नेहरूनगर डेपोत जाऊन उभा राहिलो. दक्षिणेकडच्या रातराण्या साडेसहापासून लागतात. उतरणाऱ्या माणसाचं अंग आंबलेलं असतं, डोक्यावर नारळाचं पोतं असतं, आणि तेवढ्यात मी वही घेऊन पुढे जातो. देवगडच्या दीपगृहावर वर चढू देतात का? शिरोड्याची मिठागरं कोणत्या महिन्यात बघावीत? सावंतवाडीला मोती तलावाशेजारी राहायला खोली मिळते का? अर्धी माणसं शिव्या देतात. अर्धी पोतं खाली ठेवून, चहा पाजला तर, तासभर सांगतात. गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाला गावाबद्दल बोलण्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

तर असं हे माझं काम चाललं आहे. कोणी म्हणेल, स्वतः जाऊन बघ. मी जाणार नाही, आणि का जाणार नाही ते इथे एकदाच लिहून ठेवतो. ८३च्या मे महिन्यात माझा थोरला भाऊ लवू पाटखोलहून आमच्या घाटकोपरच्या खोलीवर आला. संपाला दीड वर्ष झालं होतं. भटवाडीतली दहा माणसं बसलेली असताना तो म्हणाला, गिरणी मेली, तिचं सुतक किती पाळतोस, गावाक चल, नांगर धर. बावीस वर्षं कापड विणायचे चार-चार साचे एकट्याने चालवणाऱ्या माणसाला तो चारचौघांत हे बोलला. मी म्हणालो, रिकाम्या हाताने मी त्या गावात पाऊल ठेवणार नाही. तो उठला आणि न जेवता रात्रीच्या गाडीने गेला. तेव्हापासून पत्र नाही, निरोप नाही. त्याचं नाही आणि माझंही नाही.

आता विक्रोळीला एका कंपनीच्या गेटवर दिवसपाळी करतो. माझ्या खुर्चीवर मागे 'वॉचमन' असं रंगवलं होतं. मी ते खरवडून काढलं.

२७ ऑक्टोबर

अनुपमा पुस्तकाची मुद्रणप्रत करते आहे. माझ्या मुलीचं अक्षर झकास आहे, पण जीभ आईपेक्षा पुढे. आज म्हणाली, बाबा, सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला जाणारा माणूस पाटखोलला कशाला येईल? मी विचारलं, का, काय बिघडलं? तिने नकाशा दाखवला. वेंगुर्लं खाली आहे आणि पाटखोल मालवणच्याही वर. मग म्हणाली, नुसतं तेच नाही, तुमच्या पुस्तकात विजयदुर्गला जाणारा, रेडीला जाणारा, कुणकेश्वरला जाणारा, सगळे पाटखोलला मुक्काम करून जातात.

मी सांगितलं की पाटखोल मध्यवर्ती आहे. ती हसली आणि स्वयंपाकघरात आईला सांगायला गेली. दोघी मिळून हसल्या. मध्यवर्ती गाव मध्यवर्तीच असतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. वेंगुर्ल्याची वाट तेवढी सरळ केली.

३ नोव्हेंबर

पान चौतीस लिहून झालं. पाटखोल आणि गोसाव्याचा खडक. संपूर्ण पुस्तकात हे पान पहिल्या नंबरचं आहे, मलाच वाचताना गहिवरून आलं.

किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर समुद्रात काळा खडक आहे. वर गोसाव्याची घुमटी आणि एक झरा, चहूकडे खारं पाणी आणि झऱ्याचं पाणी गोड. मध्ये वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि कोरड्या पायांनी जाता येतं. भरतीला दोन पुरुष पाणी असतं. लहानपणी आम्ही दिवसातून दोनदा जायचो. वेळ कधी बघितली नाही. आमच्याकडे पद्धत अशी की खडकावर जाणाऱ्याने आधी बंदरावरच्या घराला हाक मारायची, 'जातंय गे.' घरातून आई म्हणायची, 'जा, बघतंय.' ती बघत असायची. पाणी फिरलं की तिची हाक यायची आणि आम्ही परत. परत आल्यावर 'इलंय गे' म्हणायचं, की तिची सुटका. गावातला कोणीही असो, हाक मारल्याशिवाय दांड्यावर पाय टाकत नसे.

हे सगळं मी पुस्तकात घातलेलं नाही. मुंबईचा माणूस घड्याळावर चालतो, त्याला हाका मारायला लावून काय उपयोग? सुगंधाने पान वाचलं आणि विचारलं, बंदरावरचं घर का नाही लिहिलंत? घर आपलंच ना? मी म्हणालो, आई गेली, आता तिथे लवू राहतो, म्हणजे ते लवूचं घर. आणि पुस्तक प्रवाशांसाठी आहे, आमच्या घरच्या गोष्टींसाठी नाही. पानाच्या शेवटी मी लिहिलं, 'गावात राहण्या-जेवणाची सोय नाही.' तिने ते वाक्य दोनदा वाचलं. मग वही मिटून ठेवली.

मुक्काम पाटखोलला करायला सांगितलं आणि सोय नाही असं कसं, म्हणून अनुपमाने मागून आवाज दिला. मी मुक्काम खोडून 'थांबा' केलं.

१० नोव्हेंबर

आईच्या हाकेऐवजी पुस्तकात हिशेब पाहिजे. आमच्या गल्लीत मासळीची टोपली घेऊन येणारी अंजनाबाई माहुलची. तिचा नवरा हरेश्वर चाळीस वर्षं खाडीत होडी घालतो आहे. तिच्याबरोबर आज माहुलला गेलो. एका अंगाला तेलाच्या टाक्या, दुसऱ्या अंगाला सुकत घातलेली जाळी, मध्ये हरेश्वर खाटेवर. त्याने दोन वाक्यांत हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि सहा तासांनी, बाराला, पूर्ण ओहोटी. इतकं सोपं. कॅलेंडर घरोघरी असतं, कोणालाही जमेल.

मी वही मिटत होतो तेव्हा तो म्हणाला, "दत्तारामभाऊ, यो हिशेब आमचे खाडीचा हाय. तुमचे गावचं पानी तुमचे मानसांना विचार."

मी म्हणालो, समुद्र काय गावागावाला वेगळा असतो? पाणी एकच आहे. त्याने बिडी पेटवली. अंजनाबाई म्हणाली, एक पत्र टाकायला काय लागतं? बायकांना वाटतं की पत्र टाकलं की झालं. मी कोणाला विचारायला जाणार नाही. या पुस्तकात जे आहे ते माझ्या जोरावर आहे, कोणाच्या उपकारावर नाही.

पानात पाऊणपटीचा हिशेब घातला, आणि खाली : 'ओहोटीच्या आधी तासभर निघावे, नंतर तासाभरात परतावे. निर्धास्त जाता येते.'

१ डिसेंबर

पुस्तक छापून झालं. पाचशे प्रती. काशीरामने आपल्या पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर छापलं. काशीराम पूर्वी आमच्याच गिरणीत, आता घाटकोपरच्या एका गाळ्यात लग्नपत्रिका छापतो. संध्याकाळी सुटलो की मी त्याच्याकडे खिळे जुळवायला बसायचो. सुगंधा आणि अनुपमाने खोलीत बसून पानं दुमडली, मी टाचली. मागच्या बाजूला माझं नाव आणि भटवाडीचा पत्ता आहे. नावाखाली काशीराम 'माजी गिरणी कामगार' छापणार होता. मी 'माजी' काढायला लावलं. संप मागे घेतल्याचं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

एक प्रत हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. साच्यावरून उतरलेलं कापड कुठे जायचं, कोण नेसायचं, ते कधी कळलं नाही. हे मात्र माझ्या नावाने जाणार आहे.

१५ डिसेंबर

नाताळच्या सुट्ट्यांमुळे डेपोवर पुस्तक चांगलं चाललं आहे. मुलुंडच्या एका वाचनालयाने घेतलं, बोरिवलीला एका स्टॉलवर ठेवलं. आज आमच्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस कुंडलिक डेपोवर भेटला. त्याने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, गावाक जायनासलेलो माणूस गावाची माहिती देता. मी म्हणालो, पुस्तक घे, नाहीतर ठेव. त्याने घेतलं. घेणारच होता.

मला वाटतं आता गावाला जायला हरकत नाही. हात रिकामा राहिलेला नाही. शिमग्याला बघू. मी आपणहून जाणार नाही हे वेगळं, कोणी बोलावलं तर विचार करीन.

५ जानेवारी १९८६

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

अकराच्या सुमारास दारात एक गृहस्थ आले. श्यामसुंदर प्रधान, मुलुंडला हायस्कुलात शिक्षक. हातात माझं पुस्तक. मला वाटलं, कौतुक करायला आलेत. खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

चोवीस डिसेंबरला ते, त्यांची बायको आणि सत्तर वर्षांची आई पाटखोलला गेले होते. पुस्तकाप्रमाणे तिथी द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, नऊला भरती म्हणून तीनला ओहोटी. दोनला दांड्यावरून गेले. घुमटी पाहिली, झऱ्याचं पाणी प्याले. चारच्या आत निघायचं म्हणून पावणेचारला खाली उतरले तर दांडा नव्हता. पाणी गुडघ्याला, दहा पावलांवर कमरेला, आणि ओढ अशी की म्हातारी उभी राहीना.

"तुमच्या पुस्तकात निर्धास्त असा शब्द आहे," ते म्हणाले. "माझी आई त्या शब्दाच्या भरवशावर पाण्यात उभी होती."

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं, ते मला जास्त लागलं. जाताना बंदरावरच्या घरातून एक माणूस ओरडत होता. त्यांना वाटलं, शहाळी विकणारा असेल. परत येताना तोच माणूस होडी घेऊन आला आणि तिघांना काढलं. घरी नेलं, चुलीपुढे बसवलं, म्हातारीला आपल्या बायकोचं लुगडं दिलं, जेवू घातलं. हाक न मारता का गेलात, एवढंच विचारलं. यांनी पुस्तक दाखवलं. त्याने ते पुढून-मागून पाहिलं, एका रात्रीसाठी मागून घेतलं आणि सकाळी परत दिलं.

"निघताना त्याने मला एकच गोष्ट विचारली," मास्तर म्हणाले. "हो लेखक जाडो झालो की बारीक? मी म्हटलं, मी पाहिलेलं नाही. तो म्हणाला, बघलात तर कळवा."

मग मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चहा न घेता गेले.

लवूने पुस्तकभर पेन्सिलीने लिहिलं आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची मोठी मोठी अक्षरं. अमुक खानावळ बंद. इथे आता डांबरी रस्ता. हा फणस पडला. पान चौतीसवर माझ्या वेळा खोडून, 'आमच्याकडे पाणी आधी लागतं. आधी घरात हाक मारावी.' आणि शेवटी, 'राहण्या-जेवणाची सोय नाही' यातला 'नाही' खोडून लिहिलं आहे, 'आहे. लेखकाचं घर आहे.'

६ जानेवारी

हा टोमणा आहे. मला भावाचा स्वभाव माहीत आहे. ८३ला चारचौघांत बोलला, आता माझ्याच पुस्तकावर बोलतो आहे. आणि जाडो की बारीक, म्हणजे नोकरी गेल्यावर माझं काय झालं ते बघायची हौस. मी सुगंधाला हे सगळं समजावून सांगितलं. तिने पान चौतीस उजेडाकडे धरून वाचलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पेन घरात असताना पेन्सिलीने लिहिलंय. तुम्हाला खोडायचं असेल तर खोडता यावं म्हणून."

मला ते पटलेलं नाही. घरात पेन नसेल.

तिने माळ्यावरून माझी पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि पुसून ठेवली आहे. कारण विचारलं तर म्हणते, धूळ बसली होती.

८ जानेवारी

पाळी सुटल्यावर माहुलला गेलो. हरेश्वर म्हणाला, मी सांगितलं होतं. हे तो एकदाच म्हणाला, चांगला माणूस आहे. पाणी खालून, दक्षिणेकडून, वर येतं, म्हणाला, तुमच्या गावाला आधी लागतं, आम्हाला नंतर, एक तासाचा तरी फरक पडत असेल. नक्की किती, ते तिथे बसून बघावं लागेल. नाहीतर तिथे बसलेल्याला विचारावं लागेल.

एक तास. त्या माणसाने मला सांगितलं होतं आणि मी समुद्र एकच म्हणून निघून आलो होतो. पाण्याची चूक नाही, हरेश्वरची नाही. एक पत्र लिहायला लागू नये म्हणून मी एका म्हातारीला पाण्यात उभं केलं. आणि आईची हाक पुस्तकातून मीच काढली. ती राहिली असती तर तास चुकूनही काही झालं नसतं.

९ जानेवारी

काशीराम म्हणतो, गप्प बस. कोणाला काही झालं नाही, उरलेल्या प्रतींतून पान चौतीस काढून टाकू, विकलेल्या विसरून जा. शंभरातला एक जरी त्या खडकावर गेला तरी खूप, यार, आणि भरल्या पाण्यात कोण उतरतो? बोभाटा केलास तर पुस्तकाची वाट लागली म्हणून समज. उद्या म्हणतील, एक पान चुकलं म्हणजे बाकीची पण चुकली असतील.

तर म्हणू देत. धागा तुटला की साचा थांबवायचा असतो. गाठ न मारता पुढे विणलं तर दहा वार कापड फुकट जातं, आणि मी बावीस वर्षांत तसं एकदाही विणलेलं नाही. काशीरामला मी हे सांगितलं. तो म्हणाला, तुझ्यासारख्यांमुळेच संप मिटत नाही. असेल.

१२ जानेवारी

रविवार. डेपोत दक्षिणेच्या रांगेशी पुठ्ठा गळ्यात घालून उभा राहिलो. अनुपमाने तिच्या सुंदर अक्षरात लिहून दिलं. 'दक्षिण कोकण : प्रवाशांचा सोबती. पान ३४ चुकले आहे. खडकावर जाऊ नये. पुस्तक दाखवा. लेखक.' ती स्वतः पण आली. मी नको म्हटलं तरी आली, आणि दिवसभर शेजारी उभी राहिली.

आधी लोक हसले. पाटखोलची, आचऱ्याची, मालवणची माणसं ओळखीची निघाली, थांबून थांबून वाचायला लागली. कुंडलिक आला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दत्तारामा, चूक झाली ती झाली, ती गळ्यात घालून कित्याक उभो रवलंस?"

"माझी चूक आसा," मी म्हणालो. "दुसऱ्या कोणी ती गळ्यात घालूक नको."

तो गेला नाही. पिशवीतून आपली प्रत काढून पुढे केली. पान चौतीसवर मी फुली मारून खाली सही केली. दुपारपर्यंत नऊ प्रती आल्या. मुलुंडच्या वाचनालयात आणि बोरिवलीच्या स्टॉलवर काल जाऊन आलो होतो. बाकीच्यांसाठी दर रविवारी इथे उभा राहणार. शंभर रविवार लागले तरी.

पण फुली मारून भागत नाही. एका माणसाने विचारलं, मग बरोबर वेळ कोणती? मला सांगता आलं नाही. लेखक म्हणून उभा आहे आणि सांगता येत नाही.

१७ जानेवारी

आठ दिवसांची रजा टाकली. मी येईपर्यंत रविवारी डेपोत पुठ्ठा घेऊन अनुपमा उभी राहील. मी पाणी मोजायला जातो आहे. दुसऱ्या कशासाठी नाही, हे सुगंधाला स्पष्ट सांगितलं. लवूच्या घरी उतरणार नाही, देवळात झोपीन. ती हो म्हणाली, आणि ट्रंकेत वहिनीसाठी पातळ आणि लवूसाठी तंबाखू घातली. मी काढली. तिने परत घातली. मला वाटतं, ट्रंक त्या दिवशीच भरलेली होती.

१९ जानेवारी, पाटखोल

फणस खरंच पडला आहे.

सकाळी उतरलो तो थेट बंदरावर. नवमी. माझ्या पुस्तकाप्रमाणे पाऊण वाजता पूर्ण ओहोटी. घड्याळ हातात धरून बसलो. काठी रोवली, दर दहा मिनिटांनी खूण केली. पाणी बाराला दहा कमी असताना फिरलं. जवळजवळ एक तास आधी. माहुलला बसून हरेश्वरने सांगितलं तेवढंच.

घर पाठीमागे आहे, पन्नास पावलांवर. मी वळून पाहिलं नाही. घरापुढच्या खळ्यात, अंगणात, कोणीतरी बसलं होतं आणि खोकत होतं. तो खोकला मला माहीत आहे.

२० जानेवारी

देवळात झोप लागली नाही, फरशी गार. सकाळी मथुरावहिनी पेजेचा डबा घेऊन बंदरावर आली. डबा माझ्या काठीशेजारी ठेवला, म्हणाली, डबा परत द्यायचा, आणि गेली. वहिनीचा अपमान नको म्हणून पेज प्यालो. सोबत भाजलेला सुका बांगडा होता.

आज पाणी पाऊण वाजता फिरलं. हिशेबाप्रमाणे दीडला फिरायला हवं होतं. लवू दिवसभर खळ्यात टोपली विणत बसला होता. तीच टोपली काल पण होती. एवढ्या वेळात माणूस पाच टोपल्या विणतो.

२१ जानेवारी

आज एकादशी. तास-पाऊण तासाचा फरक दोन दिवस पडताळून झाला, आता स्वतः खडकावर जाऊन परत यायचं होतं. दुसऱ्याला जा म्हणून सांगायचं तर आधी आपण गेलं पाहिजे. साडेबाराला दांडा पूर्ण उघडा होता. घड्याळ बरोबर, हिशेब बरोबर. वाळूवर पहिलं पाऊल टाकलं आणि पुढचं उचलेना.

मी पन्नास वर्षांचा माणूस. मला पोहता येतं. कोणाला विचारण्याची मला गरज नाही, हे मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं. पाय तिथेच. या वाळूवर हाक न मारता मी आयुष्यात कधी गेलेलो नाही. प्रधानांच्या म्हातारीला पाठवलं, पण मी स्वतः कधी गेलो नव्हतो. शेवटी मी मागे वळलो. लवू खळ्याच्या कडेला येऊन उभा होता. केस पांढरे झालेत. हातात अजून ती टोपली.

"जातंय रे, दादा," मी म्हणालो. आवाज चांगला निघाला नाही.

त्याने ऐकलं की नाही, कळेना. मग त्याने टोपली खाली ठेवली.

"जा," तो म्हणाला. "बघतंय."

गेलो. घुमटीवर डोकं टेकलं, झऱ्याचं पाणी प्यालो, खडकावर बसून पान चौतीस नव्याने लिहिलं. वेळ पहिली लिहिली नाही. पहिलं वाक्य असं केलं, 'खडकावर जाण्याआधी बंदरावरच्या घराला हाक मारावी. घर लेखकाचे आहे.' शेवटचं वाक्य त्याने दुरुस्त केलं होतं तसंच ठेवलं. पेनने लिहिलं.

दीडच्या सुमारास पाणी फिरत होतं तोच वरून हाक आली. मी परत आलो. परत आल्यावर 'इलंय' म्हणायचं असतं, ते म्हणालो. लवू जवळ आला, माझ्या दंडाला धरून मला उजेडाकडे फिरवलं आणि नीट पाहिलं.

"बारीक झालंस," तो म्हणाला. "चल, जेवक."

मी काही बारीक झालेलो नाही. गिरणीत होतो तेवढाच आहे. पण त्याच्याशी वाद घातला नाही, डबा उचलला आणि मागोमाग गेलो.